झाडांचा हिवाळा आषाढात येतो

नोव्हेंबर लागला की एक तक्ता फिरू लागतो. रविवारच्या पुरवणीत तो चौकटीत छापलेला असतो, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी ‘सेव्ह करून ठेवा’ असा शेरा मारून टाकतं, आणि नर्सरीवाला रोप हातात देताना तोच मजकूर तोंडी म्हणून दाखवतो. घरातल्या झाडांना उन्हाळ्यात रोज पाणी, पावसाळ्यात एक दिवसाआड, थंडीत आठवड्यातून एकदा आणि तेही निम्मं. का, तर हिवाळ्यात झाडं झोपतात. हिवाळ्याच्या रकान्याशेजारी बहुधा हिमकणाचं चित्र असतं. पुण्यात हिमकण कुणी पाहिला, हा प्रश्न तक्ता करणाऱ्याला पडलेला दिसत नाही.

या तक्त्यात थोडीफार दुरुस्ती हवी, एवढंच म्हणून मला थांबता येणार नाही. मुंबई, पुणे, कोल्हापूर, पणजी या पट्ट्यातल्या घरांसाठी तो सरळसरळ उलटा आहे. इथल्या घरातल्या झाडांचे हलाखीचे दिवस आषाढ-श्रावणात येतात. कार्तिक ते माघ हे त्यांचे कामाचे दिवस. ज्या महिन्यांत हात आखडायला हवा त्या महिन्यांत आपण एक दिवसाआड ओतत राहतो आणि ज्या महिन्यांत झाडाला पोटभर पाणी हवं तेव्हा त्याच्यावर उपास लादतो. जुलैत कुजवायचं आणि त्यातून वाचलं तर जानेवारीत वाळवायचं, असा हा बारमाही कार्यक्रम आहे.

तक्ता आला कुठून ते आधी बघू. उष्ण प्रदेशातली झाडं दिवाणखान्यात वाढवायची हौस मुळात उत्तर युरोपची. १८२९च्या सुमारास लंडनमधल्या नॅथॅनियल वॉर्ड या डॉक्टरला बंद बाटलीतल्या ओल्या मातीत नेच्याचं रोप आपसूक उगवलेलं दिसलं आणि त्यातून त्याने काचेच्या बंद पेट्या करून पाहिल्या. त्या पेट्यांतून दूरदेशीची झाडं जहाजावर जिवंत राहून इंग्लंडला पोचू लागली. तिथे गेल्यावर त्यांची परीक्षा पाहिली ती हिवाळ्याने. लंडन साडेएक्कावन्न अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिथला दिवस आठ तासांचाही नसतो. भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम पंधरा अंश वर येतो आणि तोही बहुधा ढगाआड. सबंध डिसेंबरात लख्ख ऊन मिळून पन्नास-साठ तास. प्रकाश नाही म्हणजे पानांना अन्न करता येत नाही, अन्न नाही म्हणजे वाढ नाही, वाढ नाही म्हणजे पाण्याची ओढ नाही. अशा खोलीत मॉन्स्टेराला भरपूर पाणी घातलं तर तो कुजणारच. तेव्हा ऑक्टोबरनंतर हात आखडा, असं तिथल्या माळ्याने सांगितलं ते शहाणपणाचंच होतं. डी. जी. हेसायन यांचं ‘द हाउस प्लांट एक्स्पर्ट’ हे पुस्तक १९८०मध्ये निघालं आणि ब्रिटनमध्ये अफाट खपलं; त्यातही हिवाळ्यात पाणी कमी करण्याची सूचना पुन्हा पुन्हा येते, आणि तिथल्या वाचकासाठी ती योग्यच आहे. पुढे अशा पुस्तकांवरून इंग्रजी लेख झाले, लेखांवरून तक्ते झाले, तक्त्यांची मराठी झाली. या सगळ्या प्रवासात अक्षांश तपासायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

आता इकडचा डिसेंबर. मुंबईत वर्षातला सर्वांत लहान दिवसही जवळजवळ अकरा तासांचा असतो आणि सर्वांत मोठा सव्वातेराच्या आसपास. म्हणजे फरक सव्वादोन तासांचा; लंडनमध्ये तो पावणेनऊ तासांचा आहे. एकवीस डिसेंबरला पुण्यात दुपारी सूर्य अठ्ठेचाळीस अंशांवर असतो. आणि खरी गंमत तर उन्हाच्या तासांत आहे. कुलाब्याच्या दीर्घकालीन सरासरीनुसार डिसेंबरात सुमारे अडीचशे तास ऊन पडतं. जुलैत किती? पंचाहत्तरच्या आतबाहेर. लंडनच्या डिसेंबराशी ज्याची तुलना व्हावी असा महिना मुंबईच्या पंचांगात आहे, पण तो आषाढाचा आहे.

यावर एक रास्त आक्षेप येईल, तो मीच मांडतो. ढगाळ असला तरी आपल्याकडचा जुलैचा सूर्य डोक्यावर असतो आणि ढगांतून झिरपणारा उजेड लंडनच्या डिसेंबरपेक्षा कितीतरी जास्त असतो. मान्य. म्हणूनच गच्चीतली, बागेतली झाडं पावसाळ्यात जोमाने वाढतात आणि ‘पावसाळा म्हणजे वाढीचा हंगाम’ ही समजूत तिथे खरी ठरते. पण तो विखुरलेला उजेड सगळ्या आकाशातून येतो, आणि खिडकीपासून सहा फुटांवर, टीव्हीच्या शेजारी ठेवलेल्या अरेका पामला आकाशाचा किती तुकडा दिसतो? समोरच्या इमारतीच्या वर उरलेली पट्टी, तीही छज्जा आणि पडद्यातून गाळून आलेली. त्या कोपऱ्यात भर दुपारी दिवा लावावा लागतो. माणसाला पुस्तक वाचायला दिवा लागतो त्या जागी झाड आनंदाने वाढत असेल, ही कल्पना सोडून द्यायला हवी.

खिडकीचा मुद्दा इथे नीट समजून घेतला पाहिजे, कारण तक्त्याची खरी फजिती तिथे होते. पुण्यात साधारण मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस शून्य सावलीचा दिवस येतो. सूर्य बरोबर माथ्यावर. त्या दोन दिवसांच्या मधल्या काळात तर तो दुपारी किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो. म्हणजे मे ते जुलै दक्षिणेच्या खिडकीत दुपारचं थेट ऊन येतच नाही. छज्जा ते वरच्या वर अडवतो. डिसेंबरात मात्र सूर्य दक्षिणेला कलतो. दोन फुटांच्या छज्ज्याखालून ऊन आत शिरतं आणि दुपारी फरशीवर चार फुटांपर्यंत पसरतं, सकाळ-संध्याकाळ त्याहून आत. त्या खिडकीतलं मनीप्लांट वर्षभरात सर्वांत जास्त ऊन कधी खातं? डिसेंबर-जानेवारीत. नेमक्या त्याच वेळी तक्ता सांगतो, आठवड्यातून एकदा, निम्मं. ज्यांच्या घराला दक्षिणेची बाल्कनी आहे त्यांनी यंदा पौषात फरशीवरचं ऊन बघावं आणि मग तक्ता वाचावा. पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या खिडक्यांचं गणित थोडं वेगळं, उत्तरेच्या खिडकीचं तर पुन्हा उलटं. एकाच फ्लॅटमध्ये चार दिशांना चार हंगाम चालू असतात, आणि आपण त्या सगळ्यांना एकाच रकान्यात बसवतो.

प्रकाशानंतर हवा. कुंडीतलं पाणी दोन वाटांनी जातं: मातीतून उडून आणि पानांतून. दोन्ही ठिकाणी ते ओढून घेणारी असते ती कोरडी हवा. हॉवर्ड पेनमन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९४८मध्ये बाष्पीभवनाचं जे समीकरण मांडलं, त्यात सूर्याची ऊर्जा आणि हवेची शोषून घेण्याची ताकद हेच दोन मुख्य आधार आहेत. ऋतूचं नाव त्यात कुठेही नाही. पुण्यात जानेवारीच्या दुपारी तापमान तिशीच्या आसपास आणि आर्द्रता पस्तीस टक्क्यांच्या आसपास असते. जुलैत तापमान दोनेक अंशांनी कमी आणि आर्द्रता पंचाहत्तरच्या वर. हिशेब केला तर जानेवारीच्या दुपारची हवा जुलैच्या हवेपेक्षा तिपटीने पाणी ओढते. हिवाळा ‘गार’ असतो म्हणून माती ओली राहते, हे गृहीतच चुकीचं आहे. आपल्याकडचा हिवाळा कोरडा असतो. ओठ फुटतात, टाचा भेगाळतात, आणि मातीच्या कुंडीच्या कडेने पांढरे क्षार उमटतात ते याच दिवसांत. मातीच्या कुंडीबाबत तर वेगळा पुरावा शोधायलाही नको. स्वयंपाकघरातला माठ आषाढात पाणी गार करत नाही, कारण त्याच्या अंगातून पाझरलेलं पाणी उडून जायला हवेत जागाच नसते. कुंडीही त्याच मातीची आणि त्याच कुंभाराची. जुलैत तीही सुकत नाही.

आता तक्त्याच्या बाजूने केला जाणारा सर्वांत भारदस्त युक्तिवाद. झाडांची विश्रांती ही त्यांच्या स्वभावातच असते, तुम्ही प्रकाश-हवेचं काहीही सांगा, हिवाळ्यात ती झोपणारच. मग मला नाशिकला जावं लागतं. द्राक्षवेल हे समशीतोष्ण प्रदेशातलं झाड. फ्रान्समध्ये, इटलीत ती थंडीत पानं गाळते आणि वसंतापर्यंत काटक्यांसारखी उभी राहते. झोपण्याचा स्वभाव असलेलं झाड दाखवायचं तर याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. तीच वेल नाशिक-सांगलीत झोपत नाही. म्हणून तर आपल्या बागायतदाराला तिची वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते: एप्रिलात खरडछाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. ऑक्टोबरात छाटलेली वेल फुटते, डिसेंबरात तिचे घड वाढत असतात, आणि माल निघतो फेब्रुवारी-मार्चमध्ये. फ्रेंच पुस्तकात डिसेंबर हा विश्रांतीचा महिना आहे म्हणून पिंपळगाव-निफाडच्या शेतकऱ्याने ठिबक बंद केल्याचं कुणी ऐकलंय? तो बाष्पीभवन किती मिलिमीटर झालं ते बघतो, वेल कोणत्या अवस्थेत आहे ते बघतो आणि त्यावर पाणी ठरवतो. मुळात बर्फाळ हिवाळ्यात झोपणारी वेल जर इथे जागी राहते, तर ज्यांच्या वंशात बर्फ कधी नव्हताच त्यांचं काय? मनीप्लांट पॅसिफिकमधल्या मोरेआ बेटाचं, मॉन्स्टेरा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या जंगलांचा, स्नेक प्लांट पश्चिम आफ्रिकेचा, रबर प्लांट तर आपल्या ईशान्येचाच. ही झाडं पंचांग पाहून झोपत नाहीत. प्रकाश किंवा ऊब आटली की थांबतात, मिळाली की पुन्हा चालू लागतात.

इथे निफाडवाले हसतील, कारण त्यांच्याकडे थंडीच्या लाटेत पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. तिथल्या उघड्या पडवीतल्या झाडांना, किंवा गोंदिया-नागपुरातल्या बाल्कनीतल्या झाडांना त्या आठवड्यात पाणी कमी लागेल, हे खरं. थंड मातीत मुळं पाणी उचलत नाहीत. पण तो आठवडा दोन आठवड्यांचा मामला असतो, तीन महिन्यांचा नाही, आणि घराच्या आत तो पोचतोही क्वचित. दिल्लीत धुक्याने दिवसेंदिवस सूर्य दिसत नाही. तिथल्या मराठी माणसाने तक्ता थोडाफार पाळावा. न्यू जर्सीत किंवा लंडनात राहणाऱ्या भाच्या-पुतण्यांनी तर पाळावाच, फक्त खोलीत हीटर चालू असेल तर हवा कोरडी होते हे लक्षात ठेवून. माझं भांडण तिथल्या नियमाशी नाही. भाच्याने तिथून पाठवलेला नियम मावशीने डोंबिवलीत लावण्याशी आहे.

दुसरा युक्तिवाद घरच्या मंडळींकडून येतो आणि त्यात शेतीचा अनुभव बोलत असतो. हिवाळ्यात झाडांना ताण द्यायचा असतो, आमचे आजोबा द्यायचे. बरोबर आहे. विदर्भातला संत्रा बागायतदार आंबिया बहारासाठी डिसेंबरात पाणी तोडतो आणि जानेवारीत पुन्हा सोडतो. ताणाने झाड फुलावर येतं. बोगनवेलीलाही हेच मानवतं. पण ताण द्यायचा तो बहार धरण्यासाठी. मनीप्लांटकडून कोणता बहार धरायचाय? पानांसाठी ठेवलेल्या झाडाला पाणी तोडलं तर जी वस्तू आपल्याला हवी आहे तीच, म्हणजे पानं, आधी जातात. टोकं करपतात, नवं पान लहान निघतं, आणि कोरड्या हवेत ताणावर असलेल्या झाडावर लाल कोळी आणि पिठ्या ढेकूण हमखास येतात. मग म्हणायचं, बघा, थंडीत वाढ थांबली.

अर्थात खरोखर झोपणारी झाडंही आपल्या घरात असतात. कॅलेडियमची पानं दिवाळीच्या आगेमागे माना टाकतात आणि कंद मातीत निजतो. मे महिन्यात लाल चेंडूसारखं फुलणारं मे फ्लॉवर, भुईचाफा, ही कंदवाली मंडळी थंडीत जमिनीखाली असतात. ॲडेनियम पानं गाळतो. जेड, कॅक्टस यांना एरवीही पाण्याचं वावडं. यांच्यापुरता तक्ता खरा आहे. पण ज्याला झोप लागते तो स्वतःच पानं टाकून तसं सांगतो. बाकीच्यांना त्याच्याबरोबर जबरदस्तीने निजवायचं कारण नाही.

आता पावसाळ्याकडे येतो, कारण बळी जातात ते तिथे. तक्ता म्हणतो एक दिवसाआड. घरात पाऊस पडत नाही, तेव्हा काहीतरी घालावंच लागणार, असा त्यामागचा विचार. पण आषाढातली झड लागली की पूर्वेच्या खिडकीतली, लाल मातीने गच्च भरलेली प्लास्टिकची सहा इंची कुंडी दहा-दहा दिवस आत ओली राहू शकते. वर एक दिवसाआड अर्धा पेला म्हणजे मातीतल्या पोकळ्या पाण्याने कायमच्या भरल्या. मुळांनाही श्वास लागतो. हवेपेक्षा पाण्यातून प्राणवायू सुमारे दहा हजार पटींनी हळू सरकतो, त्यामुळे पाणथळ मातीत मुळं अक्षरशः गुदमरतात. मग पिथियम, फायटोप्थोरा यांसारखे, पाण्यात पोहत पसरणारे रोगकारक त्यांच्यावर तुटून पडतात. मुळं कुजली की पाणी वर चढत नाही, आणि पाणी न मिळालेल्या झाडाची पानं जशी लोंबतात तशीच ती लोंबतात. आता घरातली व्यक्ती काय करते? ‘अगं, बिचारं सुकलंय’ म्हणून आणखी एक पेला ओतते. पीस लिलीच्या निम्म्या हत्या या एका वाक्याने होत असाव्यात. फरक ओळखायला फार काही लागत नाही. तहानलेल्या झाडाची कुंडी उचलली की हलकी लागते; बुडालेल्या झाडाची जड असते, मातीला आंबूस वास येतो आणि तिच्यावर बारीक काळी चिलटं घिरट्या घालत असतात. चिलटांवर फवारा शोधण्यापेक्षा पाणी थांबवलेलं बरं. त्यांच्या अळ्या वरच्या ओल्या थरावरच जगतात.

इथे कुणी विचारेल, आणि विचारावंच: ही झाडं तर वर्षावनातली. तिथे वर्षभर पाऊस. मग आपल्या पावसाळ्यात ती कुजतील कशी? उत्तर मुळांशी आहे. जंगलात मॉन्स्टेरा आणि मनीप्लांट झाडांवर चढतात. त्यांची मुळं सालीच्या खाचांत, पालापाचोळ्याच्या भुसभुशीत थरात असतात. पाऊस पडतो, वाहून जातो, मुळाला पुन्हा हवा लागते. आपण त्यांना काय देतो? नर्सरीतून आलेला लाल चिकट मातीचा गोळा, त्याभोवती ओलावा धरून ठेवणारं कोकोपीट, बाहेर प्लास्टिक, त्याखाली बशी आणि पुष्कळदा या सगळ्यावर चिनीमातीची शोभेची कुंडी, जिला तळाला भोकच नाही. आणि या डबक्याला आपण वर्षावन समजतो.

पावसात झाडं बाहेर काढून ठेवावीत, ‘आभाळाचं पाणी अमृत’, हाही असाच अर्धा खरा सल्ला. ज्यांच्याकडे बोअरचं जड पाणी आहे त्यांनी एक चांगला पाऊस कुंडीतून आरपार जाऊ द्यावा, साठलेले क्षार धुऊन निघतात. एक पाऊस. सबंध श्रावण नव्हे. शेतकरी मृगाचा पाऊस पडला म्हणून त्याच चिखलात पेरायला धावत नाही. वाफसा येण्याची वाट बघतो. मातीत ओल आहे आणि हवाही आहे, अशी ती अवस्था. कुंडीला याहून वेगळं काही नको असतं, आणि आषाढात तो वाफसा यायला उन्हाळ्याच्या तिप्पट-चौपट दिवस लागू शकतात.

राहिला उन्हाळा. ‘रोज पाणी’ हा नियम उघड्या गच्चीवरच्या कुंड्यांना ठीक आहे, काही वेळा दोनदाही लागतं. पण लेख घरातल्या झाडांचा चाललाय. मेमध्ये आपण पडदे ओढून घेतो. दक्षिणेच्या खिडकीत ऊन येत नाही हे वर आलंच आहे. नागपुरात तर दिवसभर कूलर चालू असतो. वाळ्याच्या ओल्या ताटव्यांमधून येणाऱ्या हवेने खोली दमट आणि काळोखी होते, आणि बाहेर त्रेचाळीस अंश आहेत म्हणून आत स्नेक प्लांटला रोज तांब्याभर पाणी घातलं जातं. हा स्नेक प्लांट मुळात दिवसा पानांची छिद्रं मिटून घेतो आणि रात्री उघडतो, पाणी वाचवण्यासाठी. बाहेरच्या उन्हाचा त्रास आपल्याला होतोय, त्याला नव्हे. मुंबईतल्या एसीच्या खोलीत मात्र हवा कोरडी होते आणि तिथे पाणी जास्त लागू शकतं. म्हणजे एकाच मे महिन्यात कूलरवाल्याने हात आखडायचा आणि एसीवाल्याने सैल सोडायचा. तक्त्यात याला रकाना नाही. आणखी एक: दुपारी तीनला पानं मलूल दिसली म्हणून लगेच पाणी घालू नये. कडक उष्म्यात पानांतून पाणी जाण्याचा वेग मुळांना झेपत नाही, माती ओली असूनही पानं लोंबतात आणि संध्याकाळी आपोआप ताठ होतात. शिवाय त्या वेळी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून येणारं पाणी हात पोळेल इतकं तापलेलं असतं. पाणी सकाळी घालावं.

तक्त्यातला एक शब्द मी अजून हाती घेतलेला नाही: ‘निम्मं’. मला वाटतं, सगळ्यांत जास्त नुकसान याच शब्दाने केलं असेल. हंगामानुसार बदलायचं ते दोन पाण्यांमधलं अंतर; एका वेळचं पाणी नाही. अर्धा पेला पाणी वरचा इंच-दोन इंच थर भिजवतं. खालची मुळं कोरडी राहतात, क्षार वरच्या थरात साठतात, आणि झाड वर बघायला ओलं, आत तहानलेलं. लाल माती अशी अर्धवट सुकत गेली की आक्रसते, कुंडीच्या कडेपासून सुटते, आणि मग वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ बशीत उतरतं. बशी भरली म्हणजे झाड प्यायलं, असा आपला समज. अशी कुंडी बादलीत अर्धा तास बुडवून ठेवावी लागते. म्हणजे द्यायचं तेव्हा तळाच्या भोकातून निघेल इतकं द्यायचं, बशी रिकामी करायची, आणि पुढचं पाणी माती मागेल तेव्हा. ते जुलैत बारा दिवसांनी असेल, जानेवारीत चार दिवसांनी.

माती मागते आहे हे कळावं कसं? बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसावं. कोकोपीट वरून फिकं पडून कोरडं दिसतं आणि आत चिंब असतं, त्यामुळे नुसतं बघून चालत नाही. बोट मळवायचं नसेल तर अगरबत्तीची विझलेली काडी तळापर्यंत घालून दोन मिनिटांनी काढावी. माती चिकटून आली तर थांबावं. बाजारात दोन सुयांचे ओलावा मापक मिळतात. त्यातले स्वस्त प्रकार विजेच्या वहनावर चालतात आणि खारट मातीत खोटं बोलतात. त्या पैशात बरी माती घ्यावी.

यावर शेवटचा बचाव असा असतो की लोकांना सोपा नियम हवा असतो. नोकरी, मुलं, प्रवास यांतून कुणी काड्या खुपसत बसणार नाही, तेव्हा चुकीचा का होईना, तक्ता असलेला बरा. मला हे पटत नाही. निष्काळजी माणसाला चुकीचा नियम दिल्याने झाड वाचत नाही. नियम पाळणारा माणूस तेवढा फसतो. तक्त्याने आजवर जी झाडं मारली ती बेफिकिरांची नव्हती. ती गजर लावून पाणी घालणाऱ्यांची होती.

तरी सोपंच हवं असेल तर कोकण आणि देशासाठी ढोबळ क्रम सांगता येतो. मार्च ते मे पाण्याचं अंतर सर्वांत कमी, पण घरात किती ऊन येतं ते बघून. मृग बरसला की अंतर एकदम वाढवायचं, आणि हस्त संपेपर्यंत कुंडी उचलून बघितल्याशिवाय एक थेंब घालायचा नाही. ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाला की पुन्हा मोकळ्या हाताने. इथे बरेच जण गाफील राहतात, कारण पाऊस नुकताच गेलेला असतो आणि बाल्कनीतली माती आठवड्यात भाजून निघते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उन्हाळ्यापेक्षा थोडं कमी, पावसाळ्यापेक्षा बरंच जास्त, आणि दक्षिणेच्या खिडकीत जवळजवळ उन्हाळ्याइतकंच. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन प्रजासत्ताक दिनाच्या आसपास भरतं, राणीच्या बागेतलंही त्याच सुमारास. इथली बाग कधी भरात असते हे तिथल्या माळ्यांना माहीत आहे, म्हणून ती प्रदर्शनं जुलैत भरत नाहीत.

आणि ‘पाणी कमी करा’ हा लेख छापायचाच असेल, तर पुरवणीच्या संपादकांनी तो नोव्हेंबरातून उचलून जूनच्या दुसऱ्या आठवड्यात टाकावा. कॅलेडियम आणि ॲडेनियमवाल्यांसाठी दिवाळीनंतर दोन ओळी वेगळ्या द्याव्यात. त्यांना त्या दिवसांत खरंच पाणी नको असतं.